आधी पोटावर हात, मग बोट: पहिलटकरणीचं बाळंतपण पुढं सरकतंय का, हे कसं तपासायचं

लेबर रूममध्ये पहिली ड्यूटी लागली की एकच प्रश्न कानावर पडत राहतो: किती उघडलंय? नातेवाईक तेच विचारतात, रात्रीची सिस्टर सकाळी ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी सोपवताना, तेच सांगते, राउंडला आलेले डॉक्टरही आधी तेच विचारतात. पण गर्भाशयाचं तोंड उघडणं हे बाळंतपणाचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे बाळाचं डोकं खाली उतरणं, आणि ते बोटापेक्षा पोटावरच्या हाताला जास्त खरं कळतं.

हा लेख जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून जिल्ह्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापुरातल्या नर्सिंग होममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टरांसाठी आहे. इंटर्न डॉक्टरांनीही वाचायला हरकत नाही. तुमच्या संस्थेचे नियम आणि तुमचे डॉक्टर सांगतील ते वर, हे त्याच्या खाली.

मुद्दाम पहिलटकरणीबद्दल लिहितेय. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईच्या कटीतून, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीतून, एक बाळ आधी गेलेलं असतं, हिच्या कटीची परीक्षा आज पहिल्यांदा होणार असते. शिवाय हिचं सगळं सावकाश चालतं. त्यामुळं चुका दोन्ही बाजूंनी होतात. नीट चाललेल्या बाईला उगाच कळा वाढवायची ड्रिप लागते, आणि खरोखर अडलेली बाई "पहिली खेप आहे, वेळ लागणारच" म्हणून तशीच ठेवली जाते.

कळा खऱ्या आहेत का?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई, मावशी, चुलती असा सगळा लवाजमा घेऊन मुलगी येते. "रात्रीपासनं कळा येत्यात, अजून काय न्हाई व्हय?" असं आई विचारते आणि तिचा चेहरा बघून आपल्यालाही घाई होते. घाई करू नका. आधी घड्याळ घेऊन शेजारी बसा.

हात पोटाच्या वरच्या टोकावर, म्हणजे फंडसवर, सपाट ठेवा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. पूर्ण १० मिनिटं हात तिथंच ठेवून किती वेळा पोट दगडासारखं कडक होतं आणि प्रत्येक वेळी किती सेकंद तसं राहतं, ते मोजा. बाईला विचारून लिहू नका. घाबरलेली मुलगी साध्या ताणालाही कळ म्हणते, आणि सोशिक मुलगी चांगली कळ आली तरी ओठ मिटून पडून राहते. खोट्या कळा अधूनमधून, कशाही येतात, चालल्यावर किंवा झोप लागल्यावर विरतात. खऱ्या कळा कमरेकडून पुढं येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि त्यांच्याबरोबर तोंड बदलतं. बहुतेकदा रक्ताचा अंश असलेला चिकट स्रावही जातो.

कळा खऱ्या असल्या तरी सुरुवातीचा टप्पा लांब असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ५ सेंटिमीटरपासून पुढच्या टप्प्याला सक्रिय टप्पा म्हटलं, त्याआधीचा सुप्त. सुप्त टप्पा किती तास चालावा याला ठरलेली मर्यादा नाही. पहिलटकरणीत तो रात्रभर चालला तरी बाळाचे ठोके आणि आईची तब्येत ठीक असेल तर तो आजार नव्हे. तिला चालू द्या, पाणी-सरबत द्या, हलकं खाऊ द्या, शेजारी आईला बसू द्या.

गाव जवळ असेल, पाणी गेलेलं नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर डॉक्टरांना विचारून तिला घरी पाठवताही येतं. पण गगनबावड्याच्या, राधानगरीच्या वरच्या अंगाच्या वाडीतून जुलैत आलेल्या मुलीला "नंतर ये" म्हणणं म्हणजे तिला पावसात सोडणं. ती आली तशी तिला ठेवून घ्या, फक्त फाइलवर "सक्रिय टप्पा" लिहू नका.

तपासण्याआधी कागद

माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. पाळीची तारीख, रक्तदाब, हिमोग्लोबिन, उंची, साखर, आणि सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) कुठं आहे ते बघा. अंगावरून ताजं रक्त जात असेल आणि वारेची जागा माहीत नसेल, तर आतून तपासायचं नाही. वार तोंडावर असेल तर तुमच्या बोटानं धो धो रक्तस्राव सुरू होऊ शकतो. मग नाडी, ताप, रक्तदाब बघा आणि तिला लघवी करून यायला सांगा. लघवीची गोष्ट किरकोळ वाटते, पण भरलेली पिशवी डोक्याला वर अडवून धरते, कळाही मंद करते, आणि पोटावरून डोकं नीट लागू देत नाही.

आता पोट

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा.

बाईला उताणं, गुडघे थोडे दुमडून झोपवा. स्वतःचे हात चोळून गरम करा. दोन कळांच्या मधे तपासायचं. फंडसवर काय आहे, पाठ कुठल्या बाजूला आणि हातपाय कुठल्या बाजूला, हे झालं की तिच्या पायांकडं तोंड करून उभं राहा. दोन्ही हात ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवा आणि जांघेजवळच्या हाडाच्या, म्हणजे प्युबिक सिंफिसिसच्या, वर डोक्याचा किती भाग हाताला लागतो ते बघा.

डोक्याचे पाच भाग कल्पून त्यातले किती हाडाच्या वर लागतात ते मोजायचं, हीच पाचाची पद्धत. हाडाच्या वरच्या कडेवर बोटं आडवी ठेवून पाहिलं तर ढोबळमानानं एक बोट म्हणजे एक भाग. डोकं पूर्ण वर, दोन्ही हातांमधे इकडून तिकडं हलतं, ते ५/५, ज्याला आपण फ्लोटिंग म्हणतो. ४/५ ला बाळाच्या कपाळाकडची बाजू बरीच वर असते, मागची बाजूही सहज लागते. ३/५ ला कपाळाची बाजू सहज लागते, मागची लागते पण हात जरा खोल न्यावा लागतो. २/५ ला मागची बाजू जेमतेम लागते, आणि इथून पुढं डोकं एंगेज झालं, म्हणजे कटीत बसलं, असं म्हणायचं. १/५ ला फक्त कपाळाची बाजू. ०/५ म्हणजे हाडाच्या वर डोकं लागतच नाही.

यात एक खुबी आहे. डोकं नीट वाकलेलं असेल, हनुवटी छातीला टेकलेली असेल, तर कपाळाची बाजू मागच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे वर लागते. दोन्ही बाजू एकाच पातळीवर लागत असतील तर डोकं वाकलेलं नाही, बहुधा बाळाची पाठ आईच्या पाठीकडं आहे, आणि हे बाळंतपण रेंगाळणार याची ती पहिली खूण. अशा बाईची तक्रारही ठरलेली असते: "पोटापेक्षा कंबरच लई दुखतीया."

ठोके ऐकतानाही उतरण्याचा अंदाज घेता येतो. डोकं खाली जाईल आणि पाठ पुढं फिरेल तसे ठोके सगळ्यात स्पष्ट लागण्याची जागा खाली आणि मध्यरेषेकडं सरकते. सकाळी जिथं फेटोस्कोप लावला होता, दुपारीही तिथंच ठोके मोठे ऐकू येत असतील तर मनात नोंद करा. ठोके ११० ते १६० च्या दरम्यान हवेत. कळ संपल्यावर लगेच, पूर्ण एक मिनिट ऐका. सक्रिय टप्प्यात निदान दर अर्ध्या तासानं.

"पहिलटकरणीचं डोकं नवव्या महिन्यातच बसायला हवं" हा जुना नियम अजून शिकवला जातो. प्रत्यक्षात कळा सुरू होताना ३/५ किंवा ४/५ असलेल्या पुष्कळ मुली येतात आणि नीट बाळंत होतात. तेव्हा डोकं वर आहे म्हणून लगेच "सिझर लागणार" असं आईला सांगून टाकू नका. पण दुर्लक्षही नको. डोकं वर का आहे, याचं कारण डॉक्टरांनी एकदा बघायला हवं: वार खाली आहे का, पाणी जास्त आहे का, गाठ आहे का, तारीख चुकली आहे का, डोकं वाकलेलं नाही का, की कटी अरुंद आहे. आणि डोकं वर असताना कुणीही पाण्याची पिशवी फोडायची नाही. पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली येऊ शकते. आपोआप पाणी गेलं तरी पहिलं काम ठोके ऐकणं, रबर शीट बदलणं नंतर.

मग बोट

आतून तपासणी साधारण दर ४ तासांनी. मधे कारण असेल तरच: ठोके बिघडले, पाणी गेलं, जोर यायला लागला. प्रत्येक शिफ्टची सिस्टर, मग इंटर्न, मग शिकाऊ विद्यार्थिनी असं एकामागून एक तपासलं तर संसर्ग वाढतो आणि मुलगी हातपाय आखडून घेते. आधी सांगा, परवानगी घ्या, पडदा ओढा, वॉर्डातल्या मावशींना दारापाशी उभं करा. हात धुवा, निर्जंतुक हातमोजे घाला.

आत गेल्यावर क्रम मोडू नका. आधी बाहेर बघा: पाणी स्वच्छ आहे की हिरवट, रक्त किती, वास कसा. मग तोंड. कच्चं तोंड नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागतं, तयार झालेलं ओठांइतकं मऊ. ते अजून मागं वळलेलं आहे की पुढं आलंय? त्याची लांबी किती उरली? पहिलटकरणीत आधी तोंड पातळ होतं, मग उघडतं. त्यामुळं "नऊ तास झाले तरी २ सेंटिमीटरच" या वाक्याला अर्थ नाही, जोवर तुम्ही हे सांगत नाही की पहिल्या तपासणीत तोंड लांब आणि जाड होतं, आणि आता कागदासारखं पातळ झालंय. ती प्रगतीच.

बोटांत सांगणं सोडा. "दोन बोटं" कुणाची? तुमची की सहा फुटी डॉक्टरांची? आज घरी जाऊन पट्टीवर स्वतःची दोन बोटं मोजा, मग ती किती फाकवली की ४, ५, ६ सेंटिमीटर होतात ते पाठ करा. पुठ्ठ्यात १ ते १० सेंटिमीटरची भोकं कापून डोळे मिटून ओळखण्याचा सराव केलात तर फारच उत्तम. १० म्हणजे कड कुठंच लागत नाही. पुढची कड राहिली असेल तर ते ९, पूर्ण नव्हे.

आता डोक्यावरच्या शिवणी आणि टाळू. लहान टाळू त्रिकोणी, तिथं तीन शिवणी मिळतात. मोठी टाळू चौकोनी, तिथं चार. लहान टाळू पुढं आणि खाली लागली तर डोकं वाकलेलं आणि योग्य दिशेला आहे. मोठी टाळू बोटाला पुढंच सापडली, तर मघाशी पोटावर आलेली शंका खरी ठरली.

स्टेशन म्हणजे डोकं कटीत किती खाली आलंय ती पातळी. त्यासाठी दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या ४ आणि ८ च्या जागी, आत टोचणारी हाडाची टोकं शोधा. ते इश्चियल स्पाइन. डोक्याच्या हाडाचा सगळ्यात खालचा भाग त्यांच्या पातळीवर असेल तर शून्य, वर असेल तर उणे, खाली असेल तर अधिक, प्रत्येक सेंटिमीटरला एक, पाचपर्यंत. जुन्या पद्धतीत तीनपर्यंतच मोजत. तुमच्या वॉर्डात कुठली चालते ते पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर एकाच "अधिक दोन"चे दोन अर्थ निघतात.

सूज फसवते

हे वेगळं सांगते, कारण नव्या माणसाला हमखास गंडवणारी जागा हीच.

समजा, दुपारी २ वाजता मुलगी ६ सेंटिमीटर, पोटावर ३/५, स्टेशन उणे एक. कळा १० मिनिटांत चार, प्रत्येकी ४५ सेकंद. संध्याकाळी ६ ला तुम्ही तपासता. तोंड ८. बोटाला डोकं खाली लागतं, जणू अधिक एक. मनात येतं, छान उतरतंय. पण बोटाखाली जे लागतंय ते हाड नाही, मऊ, पिठूळ, दाबलं की खळगा पडणारी सूज आहे. तिला कॅपुट म्हणतात. तोंडाच्या कड्यात डोकं दाबलं गेलं की कातडीखाली पाणी साठतं आणि ती सूज खाली येत राहते, डोकं मात्र तिथंच असतं. हात परत पोटावर ठेवा. अजून ३/५. म्हणजे चार तास चांगल्या कळा येऊनही डोकं जागचं हललेलं नाही.

म्हणून बोट सूज पार करून हाडापर्यंत न्यायचं, आणि तरीही पोटावरच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवायचा. साधारणपणे स्टेशन शून्य असताना पोटावर २/५ किंवा त्याहून कमी लागायला हवं. आतून "अधिक एक" आणि बाहेरून ३/५ असेल तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे, आणि बहुधा तो आतला असतो.

त्याच वेळी कवटीची हाडं बघा. शिवणीत फट असेल तर शून्य. हाडं एकमेकांना टेकली तर एक अधिक. एकावर एक चढली पण बोटानं दाबल्यावर सुटतात, दोन अधिक. सुटतच नाहीत, तीन अधिक. हेच मोल्डिंग. डोकं वर, सूज वाढतेय आणि मोल्डिंग तीन अधिक, असं तिन्ही एकत्र दिसलं की बाळ कटीत मावत नसल्याची दाट शक्यता आहे. तिथं वाट बघायची नाही.

कागदावर काय लिहायचं

१९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी बाळंतपणाचा वेग आलेखावर मांडला. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात त्यावर दोन रेषा ओढल्या: तासाला १ सेंटिमीटरची सावधानतेची रेषा, आणि तिच्या उजवीकडं ४ तासांवर कृतीची रेषा. हे चार तास कशासाठी? लांबच्या, सुईणी चालवत असलेल्या केंद्रातून बाईला मोठ्या दवाखान्यात पोचवायला. आपल्या पार्टोग्राफचा, म्हणजे बाळंतपणाच्या या आलेखाच्या कागदाचा, जन्म अशा भागासाठीच झालाय.

सरकारी फाइलीत बहुतेक ठिकाणी सोपा पार्टोग्राफ असतो, ४ सेंटिमीटरपासून सुरू होणारा. त्याच्यावर माझा एक राग आहे. सोपा करताना त्यातून डोकं उतरण्याची नोंदच काढून टाकली गेली. कागद विचारत नाही, म्हणून कुणी बघत नाही. तुम्ही मात्र तोंडाच्या प्रत्येक फुलीशेजारी ३/५, २/५ असं हातानं लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये ही नोंद आहे, तोंडासाठी फुली आणि डोक्यासाठी गोल.

त्या गाइडमध्ये तासाला १ सेंटिमीटरचा नियम मोडीत निघालाय, कारण कित्येक निरोगी पहिलटकरणी त्याहून सावकाश उघडतात. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याला वेगळी मर्यादा आहे: ५ सेंटिमीटरवर ६ तास, ६ वर ५ तास, ७ वर ३, ८ वर अडीच, ९ वर २. तेवढा वेळ तोंड त्याच आकड्यावर राहिलं तर सावध व्हायचं. ५ पासून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या खेपेला सहसा १२ तासांच्या वर लागत नाहीत. कळा १० मिनिटांत दोन किंवा कमी, अथवा पाचांहून जास्त, हीसुद्धा धोक्याची नोंद. तुमच्याकडं जो कागद असेल तो वापरा, पण त्या त्या वेळी भरा. बाळंतपण झाल्यावर बसून काढलेली सुंदर सरळ रेषा कुठल्याही जुन्या सिस्टरला लांबून ओळखू येते.

आकडे बघून काय करायचं

तोंड उघडतंय, डोकं उतरतंय, ठोके ठीक, मग वेग कमी असला तरी हात लावायचा नाही. पाणी, लघवी, कूस बदलणं, उभं राहणं, कंबर चोळणं आणि धीर देणारं माणूस जवळ असणं, एवढंच औषध.

तोंड थांबलंय आणि कळाही कमजोर आहेत, असं असेल तर आधी लघवीची पिशवी रिकामी करा, तिला उठवा, घसा कोरडा पडला असेल तर प्यायला द्या, मग डॉक्टरांना कळवा. पाण्याची पिशवी फोडायची की कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप लावायची हा निर्णय त्यांचा. ऑक्सिटोसिन स्नायूत टोचून कळा "वाढवणं" हा प्रकार अजून काही ठिकाणी चालतो. टोचलेलं औषध परत काढता येत नाही, ड्रिप बंद करता येते. बाळ बाहेर येण्याआधी असं इंजेक्शन द्यायला कुणी सांगितलं तरी देऊ नका.

कळा जोरदार, पण डोकं उतरत नाही, ही तिसरी अवस्था. वरच्या उदाहरणातली मुलगी हीच. अशा पहिलटकरणीत पुढं कळाच थकतात, पोट मऊ पडतं, आणि अनुभव नसलेला माणूस म्हणतो "कळा कमी झाल्यात, ड्रिप लावू या." अडलेल्या बाईला ड्रिप म्हणजे बंद दारावर धक्के. कळा का थकल्या, हे पोटावरचा आकडा सांगतो.

पूर्ण उघडल्यावर

१० सेंटिमीटर झालं म्हणून लगेच "जोर लाव, जोर लाव" सुरू करू नका. तिला आपोआप जोर येईपर्यंत थांबा, तोवर डोकं उतरत आणि फिरत असतं. पहिल्या खेपेला पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत सहसा ३ तासांच्या आत काम होतं. ठोके आता दर ५ मिनिटांनी.

या टप्प्यात डोळ्यांनाही पुष्कळ दिसतं. गुदद्वार उघडं पडायला लागतं, पेरिनियम, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग, फुगतो, कळेबरोबर केस दिसतात आणि कळ गेली की डोकं मागं सरकतं. हे पुढं येणं-मागं जाणं बघून नव्या सिस्टर घाबरतात. पहिलटकरणीत तसंच होतं. प्रत्येक कळेला ते आधीपेक्षा थोडं पुढं यावं, एवढंच बघायचं. अर्धा-एक तास चांगला जोर देऊनही पुढं येत नसेल, तर परत पोटावर हात. १/५ पेक्षा जास्त लागत असेल तर व्हॅक्युम लावून बाळ ओढण्याचा विचारही नको. पोटावर चढून वरून दाबणं तर कधीच नाही, मग नातेवाईक कितीही आग्रह करोत. सरसकट छेद (एपिसिओटॉमी) द्यायचं कारण म्हणून "पहिलीच खेप" हे पुरेसं नाही.

पाठवायची वेळ

हिरवं पाणी, बिघडलेले ठोके, ताप, जास्त रक्त, वाढलेला रक्तदाब यांत सेंटिमीटर मोजत बसायचं नाही, लगेच कळवायचं. बाकी वेळी निर्णय सावधानतेच्या खुणेवर घ्या. कृतीच्या रेषेची वाट शहरातल्या, शेजारी ऑपरेशन थिएटर असलेल्या सिस्टरनं बघावी. चंदगड-आजऱ्याकडून किंवा गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायला कोरड्या दिवसातही वेळ लागतो. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की कुठला रस्ता कधी पाण्याखाली जाईल, सांगता येत नाही. पावसाळ्यात १०८ ला फोन करताना आधी रस्ता विचारा आणि गाडी निघण्याआधी पुढच्या दवाखान्याशी बोला.

बोलणं असं असू द्या: "मॅडम, पहिलटकरीण, २२ वर्षं, ३९ आठवडे. ५ सेंटिमीटर सकाळी ८ ला होती. १२ ला ७ होती, ४ ला अजून ७. पोटावर ३/५, सकाळपासून तेवढंच. कॅपुट वाढलंय, मोल्डिंग दोन अधिक. कळा दहात चार. ठोके १३६, पाणी स्वच्छ. लघवी काढलीय, सलाइन चालू आहे, डाव्या कुशीवर पाठवतेय, सोबत सिस्टर आहे." एवढं ऐकल्यावर पलीकडच्या मॅडम दुसरा प्रश्न न विचारता थिएटर तयार करायला सांगतात. पार्टोग्राफ फाइलीसोबत द्या, आपल्याकडं प्रत ठेवा.

बाळंतपण तुमच्याकडंच नीट पार पडलं, तर सगळं आवरल्यावर, आईची परवानगी घेऊन, बाळाच्या डोक्यावरून हलकेच बोट फिरवा. सूज कुठल्या बाजूला आहे? बाळाची पाठ आईच्या डाव्या बाजूला होती असं तुम्ही लिहिलं असेल तर ती साधारण बाळाच्या उजव्या बाजूच्या हाडावर, थोडी मागं सापडायला हवी. सापडली नाही तर फाइल उघडून कुठल्या तपासणीत दिशा चुकली ते शोधा. हे काम त्याच शिफ्टमध्ये करा, कारण सूज दीड दिवसात उतरून जाते.